गर्दीची नोरा

फिलिपिन्सच्या नोरा औनोरबद्दल लिहिणारे समीक्षक हमखास तिच्या डोळ्यांपाशी येऊन थांबतात. डोळे विलक्षण होतेच. पण तिच्या अभिनयाचा खरा विषय मला वेगळाच दिसतो: भक्ती, आणि ती भक्ती करणारी गर्दी.

ही गर्दी तिच्या वाट्याला फार लवकर आली. बिकोल भागातल्या इरिगा गावी १९५३ साली ती जन्मली. घरची गरिबी; रेल्वे स्टेशनवर ती पाणी विकायची. १९६७ साली एक मोठी गायनस्पर्धा जिंकली आणि पाठोपाठ नट तिरसो क्रुझबरोबरचे तिचे नाचगाण्यांचे सिनेमे धो धो चालले. तोवर मनिलाच्या पडद्यावरची नायिका म्हणजे गोरी, उंच, परदेशी रक्ताची छटा असलेली. नोरा सावळी आणि बुटकी. मोलकरणींना, कामगार मुलींना पडद्यावर पहिल्यांदाच आपल्यातलं कुणीतरी दिसलं. हे चाहते स्वतःला 'नोरानियन' म्हणवत आणि तिच्यासाठी भांडायला उठत.

एवढ्यावर एखादीचं आयुष्य आरामात निघालं असतं. नोराने मात्र स्वतःची निर्मितीसंस्था काढून भलत्याच भूमिका स्वतःवर ओढवून घेतल्या. १९७६ च्या मारिओ ओहारांच्या चित्रपटात ती जपानी अमलाखालच्या खेड्यातली शिक्षिका झाली. जपानी फौजेतल्या अधिकाऱ्याशी संसार केला म्हणून तिचेच लोक तिला फितूर ठरवतात.

मग १९८० साली लिनो ब्रोकांचा 'बोना'. निर्माती तीच. बोना ही बऱ्या घरातली मुलगी सिनेमातल्या एका किरकोळ नटावर भाळते, घर सोडते, झोपडपट्टीत त्याच्या खोलीवर राहते, त्याच्या आंघोळीचं पाणी तापवते. तो दुसऱ्या बायका घरी आणतो, ती गप्प. शेवटी तेच उकळतं पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. लाखो चाहत्यांच्या जिवावर उभी राहिलेली नटी इथे चाहती होऊन चाहतीच्या गुलामीचा तळ शोधते आहे. यात कुठेही उपहास नाही, दयाही नाही. हे धाडस तिच्या पिढीतल्या कुठल्या ताऱ्याने केलं असतं?

दोन वर्षांनी इश्माएल बर्नाल यांचा 'हिमाला', म्हणजे चमत्कार. लेखन रिकी ली यांचं. मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगणाऱ्या एल्साभोवती जत्रा जमते, धंदा फोफावतो, रोगराई येते. चमत्कार झालाच नाही असं ती हजारोंसमोर जाहीर करते. तिला गोळी लागते. गर्दी गुडघ्यांवर रांगत प्रार्थना करतच राहते.

पुढे १९९५ मध्ये सिंगापुरात फाशी गेलेल्या फ्लोर काँटेम्प्लासिओन या मोलकरणीची भूमिका तिने केली आणि कैरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळवला. एका शस्त्रक्रियेनंतर गाण्याचा आवाज गेला. २०१२ च्या 'दाय वूम'मध्ये, नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधणारी निपुत्रिक सुईण तिने जवळजवळ मुक्यानेच उभी केली. सरकारने मात्र २०१४ साली तिला राष्ट्रीय कलावंताचा मान नाकारला. अमेरिकेत पूर्वी झालेली तिची एक अटक आड आली. तो मान २०२२ मध्ये मिळाला. १६ एप्रिल २०२५ रोजी ती गेली.

नोराचं नाव निघालं की सगळे 'हिमाला' सुचवतात. माझं मत विचाराल तर सुरुवात 'बोना'पासून करा. त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२४ साली कानच्या महोत्सवात दाखवली गेली आहे.