अंगावरचं रूपक

एप्रिल १६१४ मध्ये लंडनच्या रॉबर्ट डॉझ नावाच्या नटाने नाटकघरांचा मालक फिलिप हेन्स्लो आणि त्याच्या भागीदाराशी करार केला. त्यातली दंडाची कलमं वाचण्यासारखी आहेत. तालमीला वेळेवर आला नाही तर एक शिलिंग. प्रयोगाच्या वेळेला वेश चढवून तयार नसला तर तीन. ऐन प्रयोगाला दारूने झिंगलेला असला तर दहा, आणि आलाच नाही तर वीस. मात्र कंपनीचे कपडे अंगावर घालून नाटकघराबाहेर पडला, तर चाळीस पौंड. म्हणजे आठशे शिलिंग! नटाची झिंग दहा शिलिंगांत माफ होत होती. राजाचा झगा घालून रस्त्यावर जाणं मात्र त्याला परवडणारं नव्हतं.

हेन्स्लो व्याजबट्ट्याचा आणि गहाणवटीचाही धंदा करायचा, त्यामुळे कापडाची किंमत त्याला चोख ठाऊक होती. त्याच्या हिशेबाच्या वहीत १६०३ सालची एक नोंद आहे. टॉमस हेवुडला एका अख्ख्या नाटकाचे सहा पौंड मिळाले. त्याच नाटकातल्या नायिकेच्या काळ्या मखमली झग्याला सहा पौंड तेरा शिलिंग पडले. लेखकापेक्षा कपडेपट महाग, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

हे कपडे यायचे कुठून? १५९९ साली लंडनला आलेल्या टॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने ते लिहून ठेवलं आहे. उमराव मरताना आपले उंची पोशाख नोकरांच्या नावे ठेवत. नोकरांना ते घालणं शोभणारं नसे, म्हणून ते नटांना स्वस्तात विकून टाकत. कोणी कोणतं कापड वापरायचं हे तिथे १६०४ पर्यंत कायद्याने ठरलेलं होतं. जांभळं रेशीम आणि जरीचं कापड फार थोड्यांसाठी राखीव. आणि नट? त्याच्या पाठीशी एखादा बडा आश्रयदाता नसेल, तर १५७२ च्या कायद्याने तो भटक्या-उनाडांत जमा.

आता असा नट ग्लोबच्या रंगमंचावर भर दुपारच्या उजेडात उभा आहे. नाटक शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ (कुसुमाग्रजांच्या ‘राजमुकुट’चं मूळ), साल साधारण १६०६. मॅकबेथला कॉडरची सरदारकी मिळाल्याची वर्दी येते आणि तो विचारतो, कॉडर तर जिवंत आहे, मग दुसऱ्याचे उसने कपडे माझ्या अंगावर का घालता? त्याचा साथीदार बँको बाजूला म्हणतो की नवा मान नव्या कपड्यांसारखा असतो, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाही. मॅकबेथ राजा डंकनच्या खुनापासून मागे सरायला लागतो, तेव्हा त्याची बायको त्याने आशेचा जो वेश चढवला होता त्यावरूनच त्याला टोचते. आणि शेवटाकडे त्याचा एक शत्रू म्हणतो की त्याचं राजेपण बुटक्या चोराने घातलेल्या राक्षसाच्या झग्यासारखं लोंबतं आहे.

कपड्यांच्या प्रतिमांची ही माळ समीक्षक कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५ मध्ये नेमकी दाखवली. त्यांच्या मते तिच्यातून दिसतो तो मापात न बसणाऱ्या कपड्यांत अडकलेला क्षुद्र माणूस. बारा वर्षांनी दुसरे समीक्षक क्लिअँथ ब्रुक्स यांनी त्याला हरकत घेतली : मुद्दा मापाचा नाही, मालकीचा आहे. कपडे मोठे आहेत म्हणून नव्हे, चोरलेले आहेत म्हणून टोचतात. मला ब्रुक्स यांचं पटतं. रणांगण गाजवून आलेला मॅकबेथ काही बुटका नाही. त्याला बुटका म्हणतो तो शत्रूपक्षातला सरदार, आणि तेही त्याचे दिवस भरत आल्यावर.

पण दोघांच्याही वाचनाला नटाचं अंग जोडून पाहावंसं वाटतं. उसन्या कपड्यांबद्दल विचारणारा नट खरोखरच उसन्या कपड्यांत होता. कदाचित एखाद्या मेलेल्या उमरावाच्याच. समोर एक पेनी देऊन उभ्या असलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. कपड्यांचा कायदा रद्द होऊन दोनएक वर्षं झाली होती, तरी मखमल कोणाची आणि घोंगडं कोणाचं हे त्याची नजर अजून विसरलेली नसणार. त्या काळच्या नाटकातलं रूपक कित्येकदा असं हातभर अंतरावर उभं असे. कवीला ते आकाशातून ओढून आणावं लागत नसे. नुसतं बोट दाखवलं की भागत होतं.

आणि इथेच हे रूपक थोडं धोक्याचं होतं. मॅकबेथचा झगा कंपनीचा, तर डंकनचा कोणाचा? खरा राजा आणि खुनी राजा एकाच रंगपटातून सजून बाहेर पडायचे. डंकनचा मुलगा माल्कमही. चोर कोण आणि वारस कोण हे कथा सांगते, कापड सांगत नाही. शिवाय ही नटमंडळी खुद्द पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयातली, आणि हा राजा स्कॉटलंडहून येऊन नुकताच इंग्लंडच्या गादीवर बसलेला. १६०४ मध्ये त्याच्या नगरप्रवेशाच्या सोहळ्यासाठी नटांना साडेचार-साडेचार यार्ड लाल कापड मिळालं. त्या यादीत शेक्सपिअरचं नाव आहे. दुसऱ्याने दिलेलं कापड म्हणजे काय, हे तो पुस्तकातून शिकला नव्हता.

म्हणूनच मला नाटकातलं कपड्यांबद्दलचं सगळ्यात बोचरं वाक्य फाइफचा सरदार मॅकडफ याचं वाटतं, मॅकबेथचं नव्हे. डंकनचा खून झालेला आहे, सरदार रॉस नव्या राजाच्या अभिषेकाला स्कोनकडे निघाला आहे. मॅकडफ त्याला निरोप देताना म्हणतो की सगळं नीट पार पडो, नाहीतर आपले जुने झगेच नव्यांपेक्षा बरे होते म्हणायची पाळी यायची. ‘आपले’ म्हणतो तो. गादीवरचा माणूस बदलला की दरबारातल्या प्रत्येकालाच नवा वेश चढवावा लागतो, हे त्याला कळलेलं आहे. तो स्वतः मात्र स्कोनला जात नाही, घरी फाइफला जातो. पुढे मेजवानीचं बोलावणंही टाळतो. मॅकबेथ ते ध्यानात ठेवतो, आणि त्याचे मारेकरी फाइफच्या गढीत शिरतात तेव्हा घरात मॅकडफ नसतो, त्याची बायको आणि मुलं असतात.