नाटक न आवडण्याचा हक्क

गरिबाला भाकरी द्यावी, औषध द्यावं, वह्या-पुस्तकं द्यावीत, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. नाटक द्यावं का, असं विचारलं की मात्र माणसं थबकतात. मी मुळशी तालुक्यात, कोळवणला राहतो. ‘इतके रुपये द्या आणि एका वंचित मुलाला नाटक दाखवा’ अशी आवाहनं पुण्याकडून माझ्या मोबाइलवर येतात, आणि ती वंचित मुलं बहुधा आमच्याच खोऱ्यातली असतात. म्हणजे या व्यवहारात मी दोन्हीकडचा आहे. पैसे मागितले जातात ते माझ्याकडे, आणि ज्यांच्या नावाने मागितले जातात तेही माझेच.

‘आधी पोटाचं बघा, नाटक कसलं दाखवता?’ हा आक्षेप मला पटत नाही. माणसाला आधी काय हवं आणि मग काय, हे त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवलेलं असतं. गावं स्वतः असं ठरवत नाहीत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला तिथे येतात. तो पैसा घरोघर फिरून जमवलेल्या वर्गणीचा असतो. तिकडे झाडीपट्टीत भाताचं पीक हाती आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, शेतकरी-मजूर तिकीट काढतात आणि रात्रभर मांडवात बसतात. विकासाच्या यादीत ज्या भागाचं नाव तळाला असतं, तो आपली रंगभूमी आपल्या पैशावर चालवतो. तेव्हा नाटकाची गरज आहे का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. ते कसं द्यायचं, हा प्रश्न उरतो.

वर्गणी आणि दान यांत पैसा तोच असला तरी माणसाची जागा बदलते. वर्गणी देणारा आणि खेळ बघणारा एकच असतो. म्हणून तो शिट्टी मारतो, कंटाळला तर उठून जातो, दुसऱ्या दिवशी पारावर बसून ‘यंदा फड काही जमला नाही’ असं बिनदिक्कत म्हणतो. तिकिटाच्या पैशात नाटक न आवडण्याचा हक्कही येतो. देणगीतून आणलेल्या मुलाला तो मिळत नाही. प्रयोग संपला की त्याचा फोटो निघतो, ‘कसं वाटलं?’ असं विचारलं जातं, आणि ‘खूप छान’ याखेरीज दुसरं उत्तर त्याच्यापाशी नसतं. तो प्रेक्षक म्हणून आत जातो आणि लाभार्थी होऊन बाहेर येतो.

वर्गणीचंही मला कौतुकच करायचं नाही. कुणी किती दिले हे कर्ण्यावरून पुकारलं जातं आणि कमी देणाऱ्याची मान खाली जाते. तमाशाला घरातल्या बायका जात नसत. रात्री ज्यांच्या कलेला दाद द्यायची, त्यांनाच दिवसा जातीवरून वेशीबाहेर ठेवणारी गावं होती. एकत्र पैसे काढले म्हणून सगळे एका पंगतीत बसतात असं नाही.

तरीही मराठीतला एक शब्द मला इथे उपयोगी वाटतो: देणं. आपण दुसऱ्याला देतो तेही देणं, आणि आपण लागतो तेही देणं. १९२१ साल घ्या. १६ एप्रिलला मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. नाटकाने देशासाठी निधी उभा केल्याची ही गोष्ट मराठी रसिक अजून अभिमानाने सांगतो, आणि ती अभिमानाचीच आहे. पण पुढे धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, ते पाणी भिऱ्याला उतरलं आणि त्याची वीज मुंबईला गेली. शहरातल्या नाट्यगृहांचे दिवे कुणाच्या जमिनीवर लागले, हा हिशोब देणगीच्या आवाहनात कधी नसतो. तो मांडला, तर मुळशीच्या मुलाचं तिकीट काढणारा उपकार करत नाही. जुनी बाकी थोडीशी फेडतो. आणि बाकी फेडणाऱ्याने आभाराची वाट बघायची नसते.

हे मान्य केलं की व्यवहारातल्या गोष्टी आपोआप बदलतात. मुलांना मागच्या रांगांत एका गठ्ठ्याने बसवायचं नाही. घरच्यांना परवडतील तेवढे, पाच का होईना, पैसे घ्यायचे आणि तिकीट त्यांच्या हातात द्यायचं. कोथरूडला साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मध्यरात्र होते, मग खोऱ्यात परतायचं कसं? अडचण तिकिटापेक्षा तिथे जास्त आहे. म्हणून जमेल तेव्हा नाटकच देवळापुढच्या पटांगणात आणायचं. त्याच्याही पुढचं पाऊल ठाण्यात रत्नाकर मतकरींनी टाकलं. त्यांच्या ‘वंचितांचा रंगमंच’मध्ये वस्त्यांतली मुलं स्वतःच्या जगण्यावर नाटिका रचून त्या स्वतःच करतात. तिथे दाखवणारा कोण आणि बघणारा कोण, हेच उलटतं.

यावर निधी जमवणाऱ्यांचं एक उत्तर असतं आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. ‘फोटो नसेल तर पैसे येत नाहीत. चाळीस मुलांऐवजी पंधराच नेता येतील. उरलेल्या पंचवीस जणांना तुम्ही काय सांगणार?’

तुझा मान राखला म्हणून तुला घरी ठेवलं, असं मी कुठल्याही मुलाला सांगू शकणार नाही. तत्त्व माझं आणि किंमत त्याने मोजायची, हा न्याय नव्हे. म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: फोटो नको म्हणणाऱ्याने कमी पडणाऱ्या पैशांची जबाबदारीही घ्यावी. आधी स्वतःच्या खिशात हात घालावा, मग वही घेऊन गावात फिरावं, पाच-दहा रुपयेही नावासकट लिहून घ्यावेत आणि कर्ण्यावर एकही आकडा पुकारू नये. जमवायला वेळ लागेल. पण त्या पैशातून नाटक बघून आलेली मुलगी ‘मला नाही आवडलं’ म्हणाली, तर वहीतल्या कुणालाही तिचा राग येणार नाही.