पाहिले आणि पुढे गेले



येत्या ११ ऑगस्टला ख्रिस्तसभा असिसीच्या संत क्लाराचा सण साजरा करील. संत क्लारा ही दूरदर्शनची आश्रयदाती संत आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. आठशे वर्षांपूर्वी मठाच्या चार भिंतींत राहिलेल्या धर्मभगिनीचा टीव्हीशी संबंध तो काय?

१२५२ सालच्या नाताळच्या रात्री क्लारा आजारी होती. तिला अंथरुणातून उठताही येत नव्हते. इतर भगिनी उपासनेला गेल्या आणि ती खोलीत एकटीच राहिली. त्या रात्री दूर संत फ्रान्सिसच्या मंदिरात चाललेली उपासना तिला आपल्या खोलीत ऐकू आली आणि गव्हाणीचे दर्शनही घडले. ह्या घटनेवरून पोप बारावे पायस ह्यांनी १९५८ साली तिला दूरदर्शनची आश्रयदाती म्हणून घोषित केले.

क्लाराला जायचे होते, पण जाता येत नव्हते. आपले नेमके उलटे आहे. आपल्याला जाता येते, पण टीव्हीसमोरून उठवत नाही. २०२० साली कोरोनामुळे चर्चचे दरवाजे बंद झाले, तेव्हा टीव्हीवरच्या मिस्साबलीने आपल्याला मोठा आधार दिला. दरवाजे उघडल्यावरही काही जण सोफ्यावरच राहिले.

टीव्ही आपल्याला इतका का आवडतो? दिवसभर काम करून आणि लोकलच्या गर्दीत उभे राहून आपण थकून घरी येतो. टीव्ही आपल्याकडे काहीच मागत नाही. तो रुसत नाही, आजारी पडत नाही, की ‘माझं जरा ऐक’ म्हणत नाही. घरातली माणसे मात्र मागतात. म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करतो. आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा वेगळा पडदा आहे.

रुग्णांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा आम्हाला हे दिसते. एका घरी आजी पलंगावर होत्या आणि समोर टीव्ही चालू होता. ‘त्यांना सोबत म्हणून लावून ठेवतो,’ घरचे म्हणाले. प्रार्थनेसाठी तो बंद केला. प्रार्थना झाल्यावर आजींनी आमचा हात धरला तो सोडेचनात. त्या दिवशी त्यांच्या यजमानांची पुण्यतिथी होती. ती घरात कोणाच्याच लक्षात नव्हती.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला याजकाने पाहिले, लेवीनेही पाहिले आणि दोघेही दुसऱ्या बाजूने निघून गेले. शोमरोन्यानेही त्याला पाहिले, पण तो जवळ गेला. तिघांचे डोळे सारखेच होते. फरक पाहिल्यानंतर पडला. पडद्यावर पूर येतो, घरे वाहून जातात. आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि चॅनेल बदलतो. रोज असे पाहून पुढे जाण्याची सवय लागली, की घरातला जखमी माणूसही आपल्याला असाच दिसतो.

टीव्ही वाईट आहे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. १९९४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी कुटुंबांना सांगितले होते, की कधी कधी टीव्ही सरळ बंद करणे हेही आईवडिलांचे कर्तव्य आहे. कारण करण्यासारख्या अधिक चांगल्या गोष्टी असतात आणि घरातल्या इतरांचाही विचार करावा लागतो.

ह्या आठवड्यात आपण एवढेच करू या. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली, की टीव्ही आणि मोबाईल अर्धा तास बंद ठेवू. सर्व मिळून रोझरी म्हणू. मग घरात जो सर्वांत कमी बोलतो, त्याच्याजवळ बसून विचारू, ‘आजचा दिवस कसा गेला?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठणार नाही.

संत क्लारा, आम्हांसाठी विनंती कर.