पूर्ण नाव

लखनौजवळच्या अमौसीच्या औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना. देखभालीसाठी फिटर निवडायला आम्ही तिघे बसलो होतो. उमेदवाराने नाव सांगितलं. शेजारच्या गृहस्थांनी अगदी मवाळपणे विचारलं, ‘पूरा नाम?’ तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘जी, इतना ही है.’ पुढे कोणी काही बोललं नाही, तरी काहीतरी ठरून गेल्यासारखं वाटलं.

गृहस्थांना दोष देणं सोपं होतं. पण ‘आडनाव काय?’ हे मीही आयुष्यभर सहज विचारत आलो आहे, ओळख वाढावी म्हणून. निदान माझी समजूत तशी.

श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांवरून अजय हासिया खटला झाला. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि विचारलं काय, तर आईवडील कोण, राहता कुठे, अशी तक्रार होती. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा प्रवेशांत मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणं ही मनमानी आहे. तिथे 150 पैकी 50 गुण मुलाखतीचे होते.

प्रश्न दोन जातींचे असतात. एकाचं उत्तर आपण आधीच ठरवलेल्या कप्प्यात जाऊन पडतं. दुसऱ्याचं उत्तर आपल्याला खरोखरच ठाऊक नसतं आणि ते ऐकून आपलं मत बदलू शकतं. पहिल्याला प्रश्न म्हणू नये; ती झडती आहे.

मग मुलाखतच नको, हा एक उपाय. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांसाठी तो स्वीकारला. वशिल्याची एक वाट त्याने बंद होते, हे खरं. पण लेखी परीक्षेत न मावणारंही काही असतं.

मी त्याला विचारलं, ‘मशीन बिघडलं आणि कारणच सापडेना, असं शेवटचं कधी झालं?’ तो खुर्चीत पुढे सरकला. एका पंपाचं बेअरिंग सारखं जात होतं. त्याने ते दोनदा बदललं. दोष बेअरिंगचा नव्हताच; मोटर आणि पंप एका रेषेत नव्हते. ‘दोन दिन मैं ही ग़लत था,’ तो म्हणाला. आपली चूक इतक्या सरळपणे सांगणारा माणूस कुठल्या प्रश्नपत्रिकेत सापडला असता?

शेवटी रिवाजाप्रमाणे आम्ही म्हटलं, ‘आपको कुछ पूछना है?’ असं म्हणताना समोरचा मान हलवून नाही म्हणेल, हे गृहीत असतं.

त्याने विचारलं, ‘मुझसे पहले जो था, वो क्यों गया?’

उत्तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आम्ही समोरच्या कागदांकडे पाहू लागलो. त्याला आम्ही घेतलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर न देताच. झडती घेण्याचा हक्क आपण गृहीत धरतो, झडती देण्याची तयारी मात्र ठेवत नाही.