हंगामाचा पाहुणा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच घराघरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. आमच्या नागपुरात तर समुद्राचे वेड फार. चारी बाजूंनी जमिनीने वेढलेल्या माणसाला लाटांची जी ओढ असते, ती किनाऱ्यावरच्या माणसाला कुठली असायला! पोरांना शंखशिंपले हवे असतात, गृहिणींना चार दिवस चुलीपासून सुटका हवी असते आणि कर्त्या पुरुषाला खर्चाची चिंता असते. या सगळ्या गडबडीत मला मात्र एक निराळाच प्रश्न पडतो. एखाद्या गावी केवळ त्याच्या चांगल्या दिवसांत जाणाऱ्या माणसाचे त्या गावाशी नाते कोणते? आणि त्या नात्यापोटी तो गावाचे काही देणे लागतो काय?

या प्रश्नाला कारण झाला चिपीचा विमानतळ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळ्याजवळ, जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर अडीच हजार मीटरांची धावपट्टी बांधण्यात आली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिचे उद्घाटन झाले. या जिल्ह्याला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ सालीच जाहीर केले होते. पाहुणा आकाशातून यायला पुढे चोवीस वर्षे लागली. मुंबईहून ७० आसनांचे लहान विमान येऊ लागले. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतले ते विमान. या योजनेची रीत अशी, की निम्म्या आसनांचे भाडे बांधून द्यायचे, कंपनीला येणारी तूट तीन वर्षे भरून काढायची आणि त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवून उभा करायचा. म्हणजे दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाने नकळत परुळ्याच्या प्रवाशाला हातभार लावायचा. मला ही कल्पना फार आवडली. एकत्र कुटुंबात थोरला भाऊ धाकट्याच्या शिक्षणाचा भार उचलतो, त्यातलीच ही गोष्ट.

पण २०२४ साली तीन वर्षे भरली आणि मुंबईची ती सेवा थांबली. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या हद्दीत, मोपा येथे मोठा विमानतळ सुरू झाला होता. पुणे, हैदराबाद, बंगळूर येथून लहान विमाने २०२४ मध्ये चिपीला येऊ लागली, हे खरे. पण ज्या मुंबईत कोकणातल्या घरोघरचा एक तरी माणूस राहतो, तिच्याशी आकाशातून जुळलेला धागा तेव्हा तुटला. हिशेबनीसाला विचाराल तर तो म्हणेल, “आसने भरली तर विमान, नाही तर नाही.” हिशेब म्हणून हे चूक नाही. पण नाती या हिशेबाने चालत नाहीत.

वर्गात कोकणचा धडा शिकवत होतो. मी किनाऱ्याचे, नारळी-पोफळीचे रसभरित वर्णन करीत असता मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, पावसाळ्यात ते गाव काय करतं?” प्रश्न साधा, पण खोल. जूनमध्ये किल्ल्याला जाणाऱ्या होड्या ओढून ठेवतात, ऐन पावसात मासेमारी बंद असते, खानावळींच्या चुली विझतात. आपल्या छायाचित्रांत नसलेले हे गाव तेव्हाही जिवंत असते. भाताची लावणी चालू असते. कुणाची सून अडलेली असते, कुणाचा म्हातारा शेवटच्या घटका मोजीत असतो आणि मुलगा मुंबईत असतो. आजारपणाला आणि मरणाला हंगाम नसतो. रस्ते ज्या दिवसांत वाहून जातात त्याच दिवसांत ढग खाली उतरतात आणि विमान उतरवणे अवघड होते. गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच दार अर्धे मिटलेले असते.

आता एक गंमत पाहा. कोकणातला मुंबईकर चाकरमानी घरी जातो केव्हा? गणपतीला, म्हणजे भाद्रपदात, पाऊस चालू असताना. जादा गाड्या सोडल्या तरी पुरत नाहीत. लोक दाटीवाटीने, उभ्याने, भिजत जातात. गावाची हौस असलेला माणूस डिसेंबरात जातो. गाव ज्याचे असते तो पावसात जातो. हौस आणि आपुलकी यांतला फरक पंचांगातही दिसतो, असे मला वाटते.

यावर एक व्यवहारी स्नेही मला म्हणाले, “मास्तर, तुमचे हे तत्त्वज्ञान पोटभरल्याचे आहे. पर्यटक गेला तर तिथले लोक खाणार काय?” त्यांचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. किती पिढ्या कोकणने मुंबईच्या मनीऑर्डरीवर काढल्या! म्हातारी आई पोस्टमनची वाट पाहते आणि मुलगा गिरणीत राबतो, ही तिथली घरोघरची कथा होती. आज एखादा तरुण आपल्याच अंगणात पाहुण्यांना जेवू घालून, होडी चालवून गावात राहू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा पाहुणा वाईट, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याच्यामुळे आपले चार दिवस सुखाचे झाले, त्याच्या उरलेल्या दिवसांची थोडी जबाबदारी आपल्यावर येते.

हे आम्हां नागपूरकरांना तरी समजायला हवे. १९५६ पर्यंत राजधानी असलेले हे शहर. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन आमच्या वाट्याला आले. मंत्री येतात ते डिसेंबरात, थंडी गोड असताना आणि संत्री बाजारात असताना. रस्ते चकचकीत होतात, सोनेगावच्या विमानतळावर गर्दी उसळते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसापुढे जातो, विहिरी आटतात, तेव्हा आमचे हाल पाहायला कोण येतो? हंगामी पाहुण्याची चव आम्हीही चाखली आहे.

पण याच सोनेगावने दुसरी रीतही पाहिली आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि आपापल्या गावी परतत. त्या थैल्यांत व्यापाऱ्याची हुंडी असे, तसेच आईचे पत्रही असे. ती विमाने उन्हाळ्यापावसाळ्यांतही येत, कारण पत्राला हंगाम नसतो. आपली एस.टी.सुद्धा हेच करीत आली आहे. शेवटच्या गावी उतरणारी पाच माणसे असली तरी गाडी जाते. तोटा भरलेल्या मार्गांवर वाटून घेतला जातो.

म्हणून मला वाटते, चिपीसारख्या विमानतळाला तीन वर्षे आधार देऊन मग आसने मोजणे पुरेसे नाही. त्या आकाराचे चार पैसे आपल्या तिकिटातून आणखी काही वर्षे गेले, तर कुरकुर करू नये. चार दिवसांच्या सुखाचे ते देणे आहे, भीक नव्हे. सरकारने काय करावे ते सरकार ठरवील. पण आपल्या हातातलीही एक गोष्ट आहे. यंदा कोकणात जाल तेव्हा ज्याच्या घरी माशाचे कालवण जेवाल, त्याला समुद्र कसा आहे हे विचारण्याआधी एवढे विचारा : “यंदाचा पावसाळा कसा गेला?” आणि तो सांगू लागला, की मुलांना घेऊन जरा वेळ बसून ऐका.