कोरड्या मनाची प्रार्थना

खेड्यांतील मंडळ्यांत कित्येक बंधुभगिनी आपल्या उपदेशकास खासगीत एक प्रश्न विचारीत असतात, आणि तो टाळण्याजोगा नाही. तो असा: "मी रोज सकाळी प्रार्थना करतो, पण पुष्कळ दिवस मन कोरडेच असते. ओठ बोलतात आणि मन शेतात, नाहीतर मुंबईस असलेल्या मुलाजवळ असते. मग हे ढोंग नव्हे काय? त्यापेक्षा मन भरून येईल तेव्हाच देवाजवळ जावे, हे अधिक खरेपणाचे नव्हे काय?"

ह्या प्रश्नाच्या मुळाशी एक चांगली भीती आहे. तारण कर्माने नव्हे, तर कृपेने मिळते, हे आपण शिकलो आहो. ओठांनी जवळ येऊन अंतःकरणाने दूर राहणाऱ्या लोकांस यशया संदेष्ट्याने दिलेला दोषही आपण ऐकला आहे. आठवड्यातून दोनदा उपास करणारा परूशी मंदिरातून नीतिमान ठरून गेला नाही, हेही आपणांस ठाऊक आहे. तेव्हा नियम म्हटला की आपले मन बिचकते, ते उगीच नव्हे.

परंतु ढोंग म्हणजे काय, हे नीट पाहावे. जे आत नाही ते लोकांस दाखविणे म्हणजे ढोंग. दार लावून, कोणी पाहत नसता, कोरड्या मनाने गुडघे टेकणारा मनुष्य कोणास काय दाखवितो? देवास तर त्याचा कोरडेपणा आधीच ठाऊक असतो. "प्रभो, आज माझ्यात काहीच नाही," एवढेच तो म्हणाला, तरी ती त्या दिवसाची सर्वांत खरी प्रार्थना होय. दिवसभर लावणी करून थकलेली आई रात्री तापाने फणफणणाऱ्या मुलासाठी पेज शिजविते, तेव्हा तिच्या मनात वात्सल्याची लाट उसळत असते असे नाही. पुष्कळदा तिचे डोळे मिटत असतात. म्हणून ती पेज खोट्या प्रेमाची आहे, असे कोण म्हणेल?

रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकांस ही गोष्ट त्यांच्या खाजणांवरून अधिक चांगली समजेल. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांच्या काठी बांध घालून, खारे पाणी अडवून भातशेती केलेली आहे. बांध फुटतो तो उधाणाच्या दिवशी. पण बिघडतो तो पुष्कळ आधी. एखाद्या खेकड्याने मातीत बीळ केलेले असते. भांगाच्या मंद भरतीत त्यातून दोन ओंजळी पाणी झिरपते, आणि पाहणारा म्हणतो, एवढ्याने काय होते! मग अमावास्येची किंवा पौर्णिमेची मोठी भरती येते, वारा समुद्राकडून सुटतो, आणि एका रात्रीत त्या बिळाचे खिंडार होते. खारे पाणी शिरलेल्या शेतातील पीक त्या वर्षी गेलेच. आणि पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन पूर्ववत होत नाही. म्हणून जाणता शेतकरी समुद्र शांत असताना, ओहोटीच्या वेळी, बांधावर फेरी घालतो. भरतीत टाकलेली माती समुद्रालाच मिळते.

घरातील मूल दगावणे, भावाभावांत जमिनीचा तंटा पेटणे, सुटलेल्या दारूने पुन्हा हाक मारणे, ही आपली उधाणे होत. त्या वेळी प्रार्थना करण्यास शिकू म्हणणारा मनुष्य शिकत नाही; त्यास शब्दच सुचत नाहीत. कोरड्या दिवसाची प्रार्थना ही ओहोटीतील फेरी आहे. त्या दिवशी तिचा उपयोग दिसत नाही, कारण त्या दिवशी समुद्रही दूर असतो. दानिएलाचे उदाहरण पाहा. राजाची मनाई निघाल्यावर तो घरी गेला आणि पूर्वी करीत असे त्याप्रमाणेच दिवसातून तीनदा प्रार्थना करीत राहिला. सिंहांच्या गुहेसाठी त्याने नवी प्रार्थना शोधली नाही.

तथापि बांधाने भात पिकत नाही, हेही तितकेच खरे. मातीतील मीठ धुतो तो पाऊस, आणि तो कोणाच्या फावड्याने पडत नाही. "मी बांध घातला, म्हणून पीक माझे," असे म्हणणारा परूशी होय. "पाऊस तर देव पाडतो, मग बांध कशाला," असे म्हणणारा आळशी होय. आपल्या मंडळ्यांत पहिल्यापेक्षा दुसराच अधिक आढळतो, असे माझे मत आहे. आणि तो आपल्या आळसास कृपेचे नाव देतो, ही विशेष वाईट गोष्ट.

जॉन वेस्ली व त्यांचे सोबती ऑक्सफर्ड येथे नेमाने प्रार्थना, शास्त्रवाचन व बंदिवानांची भेट करीत, म्हणून लोक त्यांस थट्टेने 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, म्हणत. इतके करूनही वेस्लींच्या मनास शांती नव्हती. ती त्यांस २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका लहानशा सभेत, केवळ ख्रिस्तावरील विश्वासाने मिळाली. पुढे त्यांनी काय केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी नियम टाकून दिले नाहीत. १७९१ साली मरेपर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षे, त्यांनी ते चालविले. पण आता ते तारण मिळविण्यासाठी नव्हते, मिळालेले जपण्यासाठी होते.

आपल्या जवळचेही दाखले आहेत. ह्याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक ह्यांस १८९३ साली आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईस झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. गाडीतील भेट सर्वांस आठवते. मधल्या काळातील वाचन व विचार ह्यांची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे शेकडो स्त्रिया व मुले सांभाळीत, ऐकू कमी येत असता, पंधरांहून अधिक वर्षे खपून मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तोपर्यंत ते काम त्यांनी पुरे केले होते. इतक्या हजार दिवसांतील प्रत्येक सकाळी त्यांचे मन उचंबळत होते, असे कोण मानील?

आता उपदेशक बंधूंस दोन शब्द. "प्रार्थना करता ना?" असे विचारू नये; त्यास सर्वजण होयच म्हणतात. केव्हा, कोठे व कोणाबरोबर, असे विचारावे. लावणीच्या दिवसांत घरोघर अर्ध्या तासाची उपासना मागू नये. दिवेलागणीला माणसे चिखलाने माखून परततात, तेव्हा शाळेतील मुलाने चार वचने वाचावी, आजीने पाठ असलेले स्तोत्र म्हणावे, आणि जेवावे. ओढ्यास पूर येऊन रविवारी मंदिरात जाता आले नाही, तर त्या वाडीतील दोन घरांनी एकत्र बसावे. खाजणाचा बांध एकट्याचा नसतो. एकाच्या वाट्याचा भाग खचला की पाणी सर्वांच्या शेतात येते. जे मुंबईस राहतात त्यांस १९९८ पासून कोकण रेल्वेने घर जवळ झाले आहे. पण मे महिन्यात गावी प्रार्थनेस बसणारा मुलगा जूनमध्ये तेथे काय करतो, हे आईबापांनी विचारीत जावे. दोघांनी एकच वेळ ठरवावी, म्हणजे निदान त्या घटकेस एक घर प्रार्थनेत असेल.

आणि नेम चुकला तर? चार दिवस चुकलेला मनुष्य पाचव्या दिवशी तासभर गुडघे टेकून मागील बाकी फेडू पाहतो. हा जुना कर्ममार्गच होय, आणि दोन दिवसांत तो थकतो. रानात इस्राएल लोकांस मान्ना रोजचा रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत, आणि कालचा राहिलेला आज कोणी मागितला नाही. पाचव्या दिवशी त्याने नेहमीचीच चार वचने वाचावी, नेहमीचीच लहान प्रार्थना करावी, आणि कामास लागावे.