नाव लावून सांगितलेली गोष्ट

पोवाडा संपत येतो तेव्हा शाहीर स्वतःचे नाव घेतो. लढाई होऊन गेलेली असते, डफाची लय टिपेला पोचलेली असते, झीलकऱ्यांचा ‘जी जी’ टिकून असतो, आणि नेमक्या त्या टोकाला तो सांगतो की हे गाणारा मी अमुक. प्रतापगडाखाली १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला, त्या प्रसंगावरचा जुना पोवाडा आजही अज्ञानदासाचा म्हणून ओळखला जातो. काही अभ्यासक ते नाव अगिनदास असे वाचतात. सिंहगडचा पोवाडा तुळशीदासाचा. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला, तेव्हा त्यांनीही नाव लावले आणि आपण शूद्राचे पुत्र आहोत हेही त्याच दमात सांगितले. कोण सांगतो आहे हे कळल्याशिवाय काय सांगितले हे पुरते कळत नाही, अशी या परंपरेची धारणा आहे.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका बहिणीने पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने रेकॉर्डी लावल्या. भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, जमैकात जन्मलेला, पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झालेला. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. या नव्या कलेत माइक हाती घेणारा पहिल्याप्रथम आपले नाव आणि आपला मोहल्ला सांगे. शाहीर जे शेवटी करतो ते रॅपर सुरुवातीलाच उरकतो.

या दोन कलांचे रक्ताचे नाते नाही. एकीच्या मागे गोंधळी, संबळ, तुणतुणे आणि राजदरबार आहेत. दुसरीच्या मागे आफ्रिकेतल्या कथागायकांची स्मृती, गुलामीतून आलेली मौखिक परंपरा आणि जळक्या इमारतींची वस्ती. तरी दोघींनी गोष्टीवर एकच अट घातली: सांगणाऱ्याने नाव लावावे. रॅपमधल्या कथनाची सारी कला मला या अटीतून उगवलेली दिसते. कोल्हापूरसारख्या शाहिरीच्या गावाने ती कला परकी म्हणून बाजूला ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

आधी रचना पाहू. हर्कच्या ध्यानात आले होते की नाचणाऱ्यांना गाण्यातला तो तुकडा हवा असतो जिथे गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो. तो तुकडा काही सेकंदांचा. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू केला, आणि ताल हवा तितका लांबवला. त्या मोकळ्या तालावर बोलायला जागा झाली. आधी दोन-चार आरोळ्या, मग यमकांच्या जोड्या, मग पूर्ण गोष्ट. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह यांचे ‘द मेसेज’ १९८२ मध्ये आले तोवर त्या जागेत एक अख्खी वस्ती बोलू लागली होती.

पोवाड्यातही गोष्टीला जागा तालाने मिळते. शाहीर एक चौक गातो. झीलकरी त्याचा शेवट उचलून धरतात. तेवढ्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो आणि पुढचे आठवते. मग तो गाणे थांबवून गद्यात येतो, खानाची छावणी कुठे होती, वाट कशी होती हे बोलण्याच्या सुरात सांगतो, आणि डफावर थाप पडली की पुन्हा पद्यात शिरतो. गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवर उभे राहून गोष्ट सांगणे ही शाहिरीची खरी करामत. रॅपने तीच सीमा आणखी पुसून टाकली. कलगी-तुऱ्याच्या फडात शिव श्रेष्ठ की शक्ती यावर रात्रभर रंगणारे सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना दोन रॅपरांची समोरासमोरची झुंज समजावून द्यावी लागणार नाही. तिथेही हजरजबाबीपणावर मान ठरतो आणि निकाल समोरचा जमाव देतो.

पण नाव लावणे म्हणजे फक्त स्वतःची कहाणी सांगणे, असे कुणी समजले तर कला हातची जाते. अफझलखानाच्या शामियान्यात शाहीर नव्हता. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला तेव्हा त्यांनी रशिया पाहिला नव्हता. तिथे ते गेले १९६१ मध्ये. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मलेला आणि मुंबईत कामगारांमध्ये घडलेला हा माणूस व्होल्गाकाठच्या लढाईला आपले नाव लावतो, कारण त्या लढाईच्या निकालाशी आपल्या चाळीचे भवितव्य बांधलेले आहे असे तो मानतो. नाव लावणे म्हणजे या गोष्टीत मी कुठे उभा आहे ते सांगणे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असणे.

रॅपच्या उत्तम कथनांतही हेच दिसते. स्लिक रिकने १९८८ च्या आपल्या संग्रहात झोपताना मुलांना सांगायच्या गोष्टीचा घाट घेतला आणि त्यात चोरीच्या वाटेला लागून जीव गमावणारा पोरगा बसवला. घाट निरागस असल्यामुळे शेवट अधिक लागतो. टुपाक शकुरने १९९१ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून ब्रेंडा नावाच्या अल्पवयीन आईची कथा रचली. नासने १९९६ मध्ये एक गाणे बंदुकीच्या तोंडून सांगितले, आणि २००१ मध्ये एक कथा शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी नेली. एमिनेमच्या २०००च्या ‘स्टॅन’मध्ये एका वेड्या चाहत्याची पत्रे आहेत, आणि गायकाचे उत्तर येते तेव्हा उशीर झालेला असतो. केंड्रिक लामारने २०१२ मध्ये कॉम्प्टनमधल्या एका पोराची कहाणी अख्ख्या संग्रहावर पसरली. २०१८ मध्ये त्याच्या पुढच्या एका संग्रहाला संगीताचे पुलित्झर मिळाले. या प्रत्येकात ‘मी’ वेगळा आहे. कुठे तो साक्षीदार, कुठे गुन्हेगार, कुठे हत्यार. सांगणारा मात्र मुखवट्यामागे लपत नाही, कारण मुखवटा कुणी चढवला ते पहिल्या ओळीपासून ठाऊक असते.

आपल्याकडे या कौशल्याचा कळस ‘माझी मैना’त आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णाभाऊंची ही छक्कड ऐकायला विरहाची आहे. पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि गाणे पुढे सरकते तसे कळते की बेळगाव, कारवार, निपाणी या तुटलेल्या मुलुखाशीही हाच विरह जडलेला आहे. निपाणी कोल्हापूरहून जेमतेम चाळीस किलोमीटर. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि ती पलीकडे राहिली. इथे सोयरीक आजही सीमा ओलांडून होते, म्हणून या छक्कडीतला विरह इतिहासजमा होत नाही. एका घराची गोष्ट आणि एका प्रांताची गोष्ट एकाच आवाजात मावते, हे जगातल्या कुठल्याही रॅपरने अभ्यासावे असे काम आहे.

कोल्हापूरला या साऱ्याची ओळख जुनी आहे. १९११ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने इथे सत्यशोधक समाज उभा राहिला, आणि जलशांतून विचार गात गावोगाव पोचवण्याची रीत या भागाने जवळून पाहिली. पिराजीराव सरनाईकांसारखा बुलंद आवाजाचा शाहीर याच गावचा. चित्रपटांसाठी हजारो गीते लिहिणारे जगदीश खेबूडकर याच जिल्ह्यातल्या हळदीचे. खासबागच्या मैदानात कुस्ती लागली की हलगी, घुमके आणि कैताळ यांचा कडकडाट पैलवानाच्या अंगात शिरतो. आणि पेठ! शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार: शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की माणूस आधी तालमीचा असतो, मग शहराचा. मोहल्ल्याचे नाव छातीवर लावून बोलणे ही हिपहॉपची पहिली खूण. ती इथे शिकवावी लागत नाही. बोलीही तयार आहे. ‘करायला लागलो आहे’ हे सगळे कोल्हापुरी माणूस ‘करालोय’ एवढ्यात बसवतो. चार मात्रांच्या ठेक्यावर असे आखूड, ठसकेबाज क्रियापद नेमके उतरते.

नाव लावण्याची किंमतही असते, आणि ती चुकवावी लागते. २०२३ च्या वसंतात महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या तरुणांवर त्यांच्या राजकीय रॅपवरून गुन्हे दाखल झाले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात नारायण कांबळे नावाचा म्हातारा शाहीर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, कारण त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे. वीरा साथीदारांनी ती भूमिका केली होती. अमेरिकेतही फिर्यादी पक्षाने रॅपच्या ओळी पुरावा म्हणून न्यायालयात आणल्या आहेत. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये त्यावर मर्यादा घालणारा कायदा केला. सत्तेला गाण्यातला ‘मी’ कबुलीजबाबासारखा वाचता येतो. कादंबरीतल्या खुन्याबद्दल लेखकाला कुणी ठाण्यात बोलावत नाही. शाहिराला आणि रॅपरला मात्र बोलावतात. गोष्ट रचण्याचा अधिकार कुणाचा मानला जातो आणि कुणाच्या तोंडून आलेली गोष्ट आपोआप गुन्हा वाटते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता त्यांनी डफ आणि माइक उचलला, म्हणून संशयही त्यांच्याच वाट्याला अधिक आला.

दुसरा धोका आतला आहे. नाव विकताही येते. पोवाडा दरबारी होता तेव्हा स्तुतीचे मोल मिळे. आज पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आणि निवडणुकीच्या प्रचाराला पोवाडाही मागवला जातो आणि रॅपही. गाडी, साखळी, पैसा यांच्या बढाईत रॅपचा मोठा भाग अडकला, आणि बाईला वस्तू करणाऱ्या ओळी त्यात आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. बढाई मात्र मुळात वाईट नसते. ज्याला कुणी मोजत नव्हते त्याने स्वतःला मोजले, तर ती न्यायाची पहिली पायरी असते. ती कुजते तेव्हा, जेव्हा सांगणारा ज्यांच्यातून आला त्यांना उत्तर देणे थांबवतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोचते. शाहिराचे नाव उरते, हलगीवाल्याचे उरत नाही. ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या चामडे ताणून हा ताल जिवंत ठेवला, त्यांच्या वाट्याला मिरवणुकीत पुढची जागा आली आणि गावात शेवटची. हिपहॉपचाही असाच एक हिशेब बाकी आहे. १९६९ मध्ये विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमवादकाने सुमारे सहा सेकंदांचा एक तुकडा वाजवला. तो पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि कोलमनला त्याचा मोबदला मिळाला नाही. आता हलगीचा ठेका संगणकावर कापून बीटमध्ये जोडणे कुणाही पोराला जमते. त्या ठेक्याखाली वाजवणाऱ्याचे नाव येते का, हा प्रश्न कोल्हापूरच्या रॅपरने स्वतःला विचारायचा आहे. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे तिच्या नावाशिवाय दिसली, तेव्हा हा जिल्हा एकमुखाने संतापला होता. तो संताप खरा असेल तर घरातही लागू झाला पाहिजे.

मराठीत हे घडू शकते याचे दाखले आहेत. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९ मध्ये ‘वारली रिव्होल्ट’ केले, तेव्हा आरेच्या जंगलातल्या आदिवासींची गोष्ट तिथल्याच प्रकाश भोईरांच्या आवाजासह आणि त्यांच्या नावानिशी आली. अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर आपल्या वऱ्हाडी बोलीसह टीव्हीच्या रॅप स्पर्धेत उभा राहिला आणि बोली सोडली नाही.

कोल्हापूरकडे सांगण्यासारखे केवढे आहे. २०१९ आणि २०२१ चे पूर, ज्यांत पंचगंगेने शहराचा नकाशा बदलला. उसाच्या फडात मराठवाड्यातून येणारे तोडकरी, ज्यांच्या मुलांचे शाळेचे वर्ष कोपीत सरते. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, चपलेवर वेणी घालणारे हात. यांवर अहवाल होतील, बातम्याही होतील. पण अहवाल कुणाच्याही नावाने बोलत नाही, आणि बातमी दुसऱ्या दिवशी जुनी होते. यमकात बांधलेली आणि नाव लावलेली गोष्ट पाठ होते, तोंडातोंडी फिरते, आणि चुकीची असेल तर सांगणाऱ्याला त्याच पेठेत अडवून जाब विचारता येतो. अशी सोय दुसऱ्या कुठल्याही माध्यमाने अजून दिलेली नाही. म्हणून डफ धरणाऱ्या आजोबांनी नातवाच्या हातातल्या माइककडे नाक मुरडू नये, आणि नातवाने नुसता ठेका उचलून थांबू नये. ठेक्याबरोबर येणारी अटही त्याने घ्यावी: ज्यांची गोष्ट, त्यांच्यासमोर सांगायची, ज्यांचा ताल, त्यांचे नाव घ्यायचे, आणि मग स्वतःचे लावायचे.